गाळलेलं ‘म्हणे’

४ फेब्रुवारी

छोटी,

टपालाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. वकीलबाईंनी मला बजावलंय की या प्रकरणाबद्दल मेलवर एक अक्षर लिहायचं नाही, कारण उद्या तेच आपल्यासमोर पुरावा म्हणून ठेवतील. कागदावर लिहू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. हल्ली कोणी कागदावर लिहितं हे बहुधा त्यांच्या लक्षातच आलं नसावं. फोनचं म्हणशील तर मला तुझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनाने भरते. शिवाय गेले दोन आठवडे तू फोन उचलतही नाहीस.

नोटीस तुलाही आली असेलच, दोघींची नावं आहेत तिच्यात. तुझ्याच मालकाने त्याच्याच दुकानात कानांची तपासणी करणाऱ्या बाईला नोटीस पाठवावी, याला काय म्हणायचं! त्याला आधी माहीत तरी होतं का, की आपली ही बाई फावल्या वेळात बहिणीबरोबर कानकट्टा चालवते म्हणून?

वकीलबाईंना कानकट्टा समजावता समजावता माझी दमछाक झाली. म्हटलं, कमी ऐकू येणाऱ्या चारशे लोकांची यादी आहे, एकाने मेल लिहिला की तो सगळ्यांना जातो. कोणतं मशीन कानात खुपतं, कोणता डॉक्टर पाठ फिरवून बोलतो, चारचौघांत काही कळलं नाही तरी कधी हसायचं, असलं सगळं त्यावर चालतं. “आणि मध्ये तुम्ही काय करता?” त्यांनी विचारलं. म्हटलं, मेल आधी माझ्या रांगेत येतो, मी वाचते, शुद्धलेखन बघते आणि ‘सोडा’ दाबते.

“शुद्धलेखन बघता?”

“एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. चुकीची वेलांटी पुढे गेली तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नोटिशीचा पहिला परिच्छेद बोटाने दाखवला. तिथे माझा उल्लेख ‘संपादक व प्रकाशक’ असा आहे. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरंच वाटलं. आयुष्यभर संपादकांच्या चुका काढल्या, मला मात्र कोणी संपादक म्हटलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, ते कौतुक नाही, आरोप आहे.

भांडण सगळं बॉयलरवाल्यांच्या मेलवरून आहे. आपले तेच, चाळीस वर्षं बॉयलरपाशी उभं राहून कान घालवून बसलेले. त्यांनी डिसेंबरात एका नव्या सभासदाला सल्ला दिला की तुझ्या त्या दुकानातून मशीन घेताना जपून, तिथे परत आलेली मशीनं पुसून नव्या डब्यात घालतात आणि नवी म्हणून विकतात. तो मेल पुढे पुढे जात मालकापर्यंत पोहोचला. आता बॉयलरवाल्यांनी ‘मी हे मनाने रचलं’ असं लिहून द्यावं, चारशे जणांना पाठवावं आणि पेपरातही छापावं, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला. आपण दोघी प्रसार करणाऱ्या, म्हणून आपणही त्यात. मुदत सोळा मार्चपर्यंत आहे.

आता मुद्द्याचं. वकीलबाईंनी विचारलं, तो मेल तुम्ही बदललात का? मी म्हटलं, नाही, आला तसा सोडला. तुला कोणी विचारलं तर तूही हेच सांग. मूळ मेल सर्व्हरवर साठ दिवस राहतात आणि मग आपोआप जातात, असं तूच मला सांगितलं होतंस. त्या कपाटाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तुझ्याकडे आहे. तिथे काही उघडू नकोस. दोन आठवड्यांत साठ दिवस भरतील.

तुझा खोकला गेला का?

ताई


१३ फेब्रुवारी

छोटी,

पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. असो, कामात असशील.

काल पुन्हा वकीलबाईंकडे गेले होते. जिन्यावर वास रंगाचा आणि आत वास फायलींचा, अशी ती कचेरी आहे. त्या खिडकीकडे बघत बोलतात. दोनदा सांगितलं, बाई, ओठ दिसू द्या, मला अर्धं तिथूनच कळतं. दोन मिनिटं माझ्याकडे बघतात आणि पुन्हा खिडकीकडे वळतात. शेवटी मी माझी खुर्ची उचलून खिडकीत नेऊन ठेवली. मग नीट कळायला लागलं आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या की यादी चालवणारा माणूस दोन प्रकारचा असतो. एक पोस्टमनसारखा. पाकीट आलं, टाकलं, आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. त्याला सहसा कोणी धरत नाही. दुसरा पाकीट फोडतो, वाचतो, बरं-वाईट ठरवतो, ओळी सुधारतो आणि पुन्हा चिकटवून पाठवतो. त्यातल्या मजकुराची जबाबदारी मग थोडी त्याचीही होते. “तुम्ही यातल्या कोण?” असं विचारून त्यांनी एका मेलचा छापलेला कागद पुढे केला. तळाला माझीच ओळ होती. ‘वाचून, दुरुस्त करून पुढे. – ताई.’

अकरा वर्षं प्रत्येक मेलखाली ती ओळ मी अभिमानाने टाकत आले. कोणी मागितली नव्हती. लोकांना कळावं की इथे कोणीतरी जागं आहे, एवढाच हेतू होता. वकीलबाई म्हणाल्या, चोर घराबाहेर जाताना चिठ्ठी ठेवून जात नाही, ताई, तुम्ही रोज ठेवलीत. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

बाहेर बाकावर बॉयलरवाले बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात नोटीस, तिच्या घडीवर घडी घालून केलेली इवलीशी पुडी. ते माझ्या कानाशी ओरडले, “ताई, मी ‘म्हणे’ लिहिलं होतं ना? मला पक्कं आठवतं. ‘परत आलेली मशीनं म्हणे पुसून नव्या डब्यात घालतात’ असं लिहिलं होतं. मी डोळ्याने पाहिलं असं कुठे म्हटलं? ऐकलं ते सांगितलं. मग त्यांच्या कागदात ‘म्हणे’ का नाही?”

त्यांच्या फोनमध्ये जागा नसते म्हणून पाठवलेलं ते सगळं पुसून टाकतात. त्यांच्याकडे काहीच नाही.

मी म्हटलं, मला आठवत नाही.

छोटी, मला आठवतं. त्या मेलमधलं ‘म्हणे’ मी काढलं. तुला माहीत आहे माझं त्या शब्दाशी किती वाकडं आहे. लोक वाक्यात उगाच ‘म्हणे’ घुसडतात, अंगावर काही येऊ नये म्हणून. छापखान्यात मी अशी शेकडो ‘म्हणे’ लाल शाईने मारली आणि लेखकांनी आभार मानले. इथेही हात तसाच चालला. वाक्य किती छान सुटसुटीत झालं होतं! त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं होतं, माझंच असल्यासारखं.

आणि आता एक माणूस बाकावर बसून विचारतोय की माझा शब्द कुठे गेला, आणि मी सांगते की आठवत नाही. मला माझी लाज वाटते. पण खरं सांगितलं तर सगळं माझ्या गळ्यात येणार. म्हणून तुला पुन्हा विनवते, त्या कपाटाला हात लावू नकोस. पाच-सहाच दिवस राहिलेत. मग कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही. त्यांची बाजू तेवढीच, माझी तेवढीच.

फोन करू नकोस हवं तर, पण दोन ओळी लिही.

ताई


२२ फेब्रुवारी

तुला नावाने हाक मारावीशी वाटत नाही आज.

वकीलबाईंनी मला बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. तुझी सही मी कुठेही ओळखते, शेवटच्या अक्षराची शेपटी लहानपणापासून तशीच वर जाते. ‘यादीचे तांत्रिक काम मी पाहते. मजकूर निवडणे, बदलणे व प्रसृत करणे हे सर्वस्वी माझी मोठी बहीण करते. मूळ मेल व प्रसृत मेल यांच्या प्रती सोबत जोडत आहे.’ ‘प्रसृत’ हा शब्द तू जन्मात वापरला नसशील. कोणीतरी लिहून दिलं आणि तू खाली सही ठोकलीस.

दोन प्रती शेजारी शेजारी होत्या. एकीत ‘म्हणे’ आहे, त्याच्याभोवती पिवळी खूण. दुसरीत नाही, आणि तळाला माझी ओळ. मालकाच्या वकिलांनी समासात लिहिलंय की मूळ लेखकाने ऐकीव बोलला, संपादिकेने ते ठाम विधान केलं. त्यात ‘लेखकाने बोलला’ अशी घोडचूक आहे, पण बाकी त्यांचं बरोबर आहे.

तिसरा कागद मला सर्वांत जास्त लागला. मालकाने तुझं नाव नोटिशीतून काढून टाकलंय. सही अठरा तारखेची, नाव काढल्याचं पत्र एकोणीसचं. इतकी तत्पर सेवा मला कुठल्या दुकानात मिळाली नाही.

तू केसाने गळा कापलास माझा. मला हे वकीलबाईंच्या टेबलावर कळावं? एक फोन, एक ओळ नाही? ‘ताई, मी हे करणार आहे’ एवढं म्हटलं असतंस तर मी ओरडले असते, रडले असते, पण तोंडघशी पडले नसते. मी परक्या बाईसमोर शपथेवर सांगायला निघाले होते की मेल आला तसा सोडला. तुझ्या कागदाने मी एका मिनिटात खोटारडी ठरले. आहेच मी खोटारडी. पण ते तू जगाला आधी सांगितलंस आणि मला नंतर.

आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली, तुझ्या शाळेत मी जायचे, तुझ्या कान तपासायच्या शिक्षणासाठी, तू डॉक्टरांच्या खोलीबाहेर नव्हे तर आत बसावंस म्हणून, मी दुसऱ्या पाळीतही मुद्रितं वाचली. हे उगाळू नये असं ठरवलं होतं. आज उगाळते.

वकीलबाई म्हणाल्या, आता खरं बोला, सगळं. मी बोलले.


१ मार्च

छोटी,

हे पत्र पाठवावं की नाही ते कळत नाही, पण लिहिते.

काल मी बॉयलरवाल्यांना घरी बोलावलं. आम्ही दोन बहिरे गुपित बोलायला बसलो की वरच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी बातमी मिळते, म्हणून आधी खिडक्या लावल्या, स्वयंपाकघराचं दार लावलं. चहा केला. मग सांगितलं की ‘म्हणे’ तुम्ही लिहिलं होतं, मी काढलं, आणि त्या दिवशी बाकावर तुमच्याशी खोटं बोलले. मला वाटलं कप आपटतील. त्यांनी बशीत चहा ओतला आणि शांतपणे प्यायले.

“त्या दोन प्रती बघितल्या तेव्हाच मला कळलं,” म्हणाले. “तुम्ही का काढलंत तेही कळलं. चांगलंच केलंत.”

मला वाटलं मशीनची बॅटरी गेली. पुन्हा विचारलं.

“अहो, ‘म्हणे’ राहिलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता? कोण म्हणे? कोणाकडून ऐकलंत? तुम्ही तो प्रश्नच काढून टाकलात. मी तुमच्या जागी असतो तरी हेच केलं असतं. रक्ताचं नातं आहे.”

मी म्हटलं, कसलं रक्ताचं नातं?

ते माझ्याकडे बघून गोंधळले. “तुमच्या धाकट्या बहिणीनेच सांगितलं ना मला,” ते म्हणाले, आणि बशी खाली ठेवली. त्यांना कळलं की मला ठाऊक नव्हतं. मग ते काठी घेऊन उठायला लागले, पण मी त्यांना पुन्हा बसवलं. बाकीचं मी विचारून विचारून काढलं.

तू इथल्या शाखेत होतीस तेव्हा ते मशीन घ्यायला आले होते. तू कान तपासलेस आणि हळूच म्हणालीस की काका, इथून घेऊ नका, मागच्या खोलीत परत आलेली पुसून नव्या डब्यात घालतात, मी रोज बघते. त्यांनी तुझं नाव घेणार नाही असा शब्द दिला. तो त्यांनी आजवर पाळला. आणि त्यांना वाटत होतं की मीही पाळतेय! मी म्हणे, तुला वाचवण्यासाठी लाल शाई फिरवली! छोटी, मी फक्त वाक्य सुटसुटीत केलं होतं. माझ्या डोक्यात तू नव्हतीसच.

आता सांग मला. तू रोज बघत होतीस. एका बॉयलरवाल्याला सांगितलंस, चांगलं केलंस. बहिणीला का नाही? माझ्या उजव्या कानातलं मशीन तू त्याच दुकानातून आणून दिलंस, नव्या डब्यात, वर फीत बांधून. मी ते आज काढून टेबलावर ठेवलंय आणि बघतेय. कोणाच्या तरी कानातून आलंय का हे? कानकट्ट्यावरच्याच एखाद्या म्हाताऱ्याच्या?

वकीलबाईंना मी ओझरतं विचारलं की एखादी गोष्ट खरीच असेल तर? त्या म्हणाल्या, खरं आहे हे दाखवता आलं आणि ते लोकांच्या भल्यासाठी सांगितलेलं असेल, तर ‘म्हणे’ असलं काय आणि नसलं काय, खटल्यात दम राहत नाही. पण दाखवणार कोण? मागच्या खोलीत जाऊन बघितलेला माणूस हवा.

तो माणूस मालकाच्या बाजूने सही करून बसलाय. आपल्या दोघींची मान सोडवायला तुझं एक वाक्य पुरलं असतं आणि तू नेमकं दुसरंच लिहिलंस.

बॉयलरवाले जाताना दारात म्हणाले, “मी लिहून देतो त्यांना हवं ते. माझं काय, मी म्हातारा. पोरीची नोकरी राहू दे.” त्यांना खोटं बोलता येत नाही हे चारशे लोकांना माहीत आहे. यादीवर त्यांनी एकदा स्वतःच्या मशीनची चुकीची किंमत लिहिली तर तीन मेल पाठवून माफी मागितली होती. आता ते लिहून देणार की मी मनाने रचलं.


९ मार्च

छोटी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं का होईना.

‘ताई, मालक म्हणाला, आज सही केली नाहीस तर उद्या येऊ नकोस. मुलं दोन आहेत, ह्यांचं काम सुटलंय. आणि तू पहिल्याच पत्रात मला खोटं बोलायला सांगितलंस ते विसरलीस का? अकरा वर्षं सगळं तांत्रिक मी बघते, पण खाली नाव तुझं एकटीचं. तुझं मशीन नवीनच आहे, डबा मी माझ्या हाताने फोडला होता.’

हे वाचून मी आधी चिडले, मग खाली बसले. तुझ्या नवऱ्याचं काम सुटलंय हे मला माहीत नव्हतं. तू का सांगितलं नाहीस? मी परकी केव्हापासून झाले?

तू म्हणतेस ते एक खरं आहे. मी तुला खोटं बोलायला सांगितलं, आणि हक्काने सांगितलं, जसं तुला पाणी आणायला सांगायचे तसं. तू मूळ प्रत बाहेर काढलीस म्हणून मला राग येत नाही आता. ती बाहेर यायलाच हवी होती, बॉयलरवाल्यांचा शब्द त्यांना परत मिळायला हवा होता. खाली दोघींचं नाव टाकायला हवं होतं, हेही खरं. कधी सुचलंच नाही. मला वाटायचं, तुला असल्या गोष्टींचं काही नसतं.

पण तू ‘म्हणे’ दाखवलंस आणि कोण म्हणत होतं ते लपवलंस. अर्धं खरं नेऊन दिलंस आणि त्या अर्ध्याने मी आणि ते म्हातारे गृहस्थ अडकलो. त्यांनी तुझ्यासाठी जीभ बांधून ठेवली आहे, तुला एवढं तरी कळायला हवं. हा विश्वासघात आहे, मला त्याला दुसरा शब्द सापडत नाही, आणि शब्द शोधण्यात माझं आयुष्य गेलंय.

यादी मी काल बंद केली. शेवटचा मेल मी लिहिला आणि तळाला ती ओळ टाकली नाही. दोनशेच्या वर उत्तरं आली आहेत. ती सोडायला आता रांगच नाही, त्यामुळे ती फक्त मीच वाचते. एका बाईंनी लिहिलंय की आता हसायचं कधी ते कोणाला विचारू.

मशीनबद्दल तुझ्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करतेय. कानात घातलंय परत.

सोळा तारखेच्या आत तू मालकाला नको, वकीलबाईंना एक पत्र लिही. जे बघितलंस ते लिही, बाकी काही नको. मी वाट बघते.

ताई


१५ मार्च

छोटी,

आज सकाळी मी तुझं नाव सांगितलं. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण मला दुसऱ्या कोणाच्या टेबलावर कळलं तसं तुला कळू नये.

मी सहा दिवस टपालवाल्याची वाट बघितली. रोज खाली जाऊन पेटी उघडून आले. आज अकरा वाजता वकीलबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. माफीचा कागद मालकाकडून टाइप होऊन आला होता. बॉयलरवाले आधीच येऊन बसले होते, तोच इस्त्रीचा शर्ट, खिशाला स्वतःचं पेन. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. ‘सदर मजकूर मी कोणताही आधार नसताना मनाने रचला.’ तीनदा वाचला. मग माझ्याकडे सरकवला.

“ताई, तुम्ही बघा जरा. यात काही चूक नाही ना?”

मी बघितलं, छोटी. वेलांट्या, उकार, स्वल्पविराम, सगळं बघितलं. एकही चूक नव्हती. इतकं शुद्ध छापलेलं खोटं मी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सहीची जागा शोधू लागले. ते बघून मला राहवलं नाही.

मी वकीलबाईंना म्हटलं, यांनी रचलेलं नाही. यांना हे त्या दुकानात काम करणाऱ्या बाईने सांगितलं, तिने रोज डोळ्यांनी बघितलं आहे, आणि ती माझी सख्खी बहीण आहे. वकीलबाई पहिल्यांदाच खिडकी सोडून सरळ माझ्याकडे बघत राहिल्या.

बॉयलरवाल्यांनी टोपण पुन्हा बसवलं. मला वाटलं, सुटले बिचारे. ते उठले आणि म्हणाले, “शब्द मी दिला होता. तो तुम्ही मोडलात.” काठी घेऊन निघून गेले. मी जिन्यापर्यंत मागे गेले, हाका मारल्या. त्यांना ऐकू आल्या नाहीत की त्यांनी ऐकल्या नाहीत, हे मला कळणार नाही. माझ्याशी ते बोलतील असं वाटत नाही.

तू माझ्या पाठीमागे सही केलीस. मीही तुझं नाव तुझ्या पाठीमागेच घेतलं, उगाच साळसूदपणा कशाला करू? मला त्यात समाधान वाटलं का, तर वाटलं, पाचेक मिनिटं. मग जिन्यात उभी राहून रडले. तुझी नोकरी जाईल. मुलांचं काय, तुझ्या नवऱ्याचं काय, हे सगळं मला माहीत असताना मी बोलले. तू कायमची तुटलीस तर मी तुला दोष देणार नाही. मी तरीही बोलले असते.

वकीलबाई मुदत वाढवून मागणार आहेत आणि आठवड्याभरात तुला साक्षीला बोलावणं येईल. त्या म्हणाल्या की बोलावून आणलेल्या माणसापेक्षा आपणहून आलेल्या माणसाचं बोलणं वेगळं ऐकलं जातं. हे पत्र मी साध्या टपालाने टाकत नाही, माणसाच्या हाती पाठवतेय, म्हणजे ते बोलावण्याच्या आधी तुझ्या हातात पडेल. आपणहून यायचं की नाही, ते तू ठरव.

आलीस तर सकाळच्या गाडीने ये. आतल्या खोलीत तुझं अंथरूण घातलंय. माफ केलं म्हणून नाही. कचेरी इथून चालत दहा मिनिटांवर आहे म्हणून.

ताई